गोठ्यापासून भ्रूणप्रयोगशाळेपर्यंत : साहाय्यित प्रजननातील शिक्षण आणि व्यवसाय

साहाय्यित प्रजनन म्हणजे गर्भधारणेच्या नैसर्गिक क्रमातला एखादा टप्पा माणसाने आपल्या हाती घेणे. हा टप्पा कधी अगदी लहान असतो, जसे नराचे वीर्य नेमक्या वेळी मादीच्या गर्भाशयात सोडणे. कधी तो बराच लांबतो : अंडे शरीराबाहेर काढायचे, काचेच्या बशीत त्याचा शुक्राणूशी संयोग घडवायचा, तयार झालेला भ्रूण काही दिवस वाढवायचा आणि मग गर्भाशयात ठेवायचा. गाय असो, शेळी असो वा स्त्री असो, पेशींच्या पातळीवरचा क्रम सारखाच असतो. त्यामुळे या विषयाचा पाया एकच आहे आणि त्यावर दोन व्यवसाय उभे आहेत, एक पशुवैद्यकातला आणि दुसरा मानवी वैद्यकातला. दोन्हीकडे सूक्ष्मदर्शक, द्रव नायट्रोजनची टाकी आणि ३७ अंशांच्या आसपासचे तापमान यांच्याशीच गाठ असते. मात्र काय करता येते आणि काय करायला परवानगी आहे, यांतले अंतर दोन्हीकडे फार वेगळे आहे. या क्षेत्रात शिरू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने तंत्राइतकेच हे अंतरही सुरुवातीलाच समजून घ्यावे लागते.

सोलापूर जिल्ह्यातला माढा तालुका या विषयाची ओळख करून घ्यायला सोयीचा आहे. भीमेवरचे उजनी धरण याच तालुक्यात १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या पाण्यावर ऊस वाढला, उसाबरोबर वाढ्यांचा आणि हिरव्या वैरणीचा आधार मिळाला आणि ज्वारीच्या कोरडवाहू पट्ट्यात संकरित गाईंचे गोठे उभे राहिले. टेंभुर्णी, मोडनिंब, कुर्डुवाडी या गावांच्या आसपास सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर किटल्या घेऊन उभी असलेली रांग हे नेहमीचे दृश्य आहे. दूध हवे तर गाय वेळेवर व्यायला हवी, आणि ती वेळेवर व्यायची तर वेळेवर गाभण राहायला हवी. साहजिकच येथील शेतकरी कुटुंबातल्या मुलाने जीवशास्त्राचे पुस्तक उघडण्याआधीच कृत्रिम रेतन पाहिलेले असते. मानवी वंध्यत्वाच्या उपचारांशी त्याची ओळख होते ती सोलापूर किंवा पुण्याच्या रस्त्यांवरच्या ‘टेस्ट ट्यूब बेबी सेंटर’च्या फलकांवरून. या दोन गोष्टी एकाच शास्त्राच्या आहेत, हे सहसा त्याला कोणी सांगत नाही.

या शास्त्राची जुनी बाजू पशूंची आहे. इटालियन शास्त्रज्ञ लाझारो स्पालान्झानी याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कुत्रीवर कृत्रिम रेतन करून पिल्ले मिळवली. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात इल्या इवानोव याने घोडे आणि गुरांसाठी ही पद्धत व्यवहारात आणली. भारतात १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत संपतकुमारन यांनी कृत्रिम रेतनाचा पहिला प्रयोग केला, आणि १९४०च्या दशकात इज्जतनगरच्या संशोधन संस्थेत त्यावर पद्धतशीर काम सुरू झाले. तरीही वीर्य ताजेच वापरावे लागे, म्हणून वळूपासून लांबच्या गावांना त्याचा उपयोग नव्हता. ही अडचण १९४९ साली सुटली. ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स या ब्रिटिश संशोधकांना असे आढळले की ग्लिसरॉल मिसळल्यास शुक्राणू गोठवूनही जिवंत राहतात. पुढे द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला वर्षानुवर्षे वीर्य साठवता येऊ लागले. वळू मेल्यावरही त्याची वासरे जन्माला येऊ लागली.

महाराष्ट्रात हे तंत्र शेतकऱ्याच्या दारात नेण्याचे मोठे काम उरुळीकांचनला झाले. महात्मा गांधींनी १९४६ साली तिथे सुरू केलेल्या निसर्गोपचार आश्रमाची जबाबदारी मणिभाई देसाई यांच्यावर होती. त्यांनी १९६७ साली भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे ‘बाएफ’, ही संस्था स्थापन केली. जनावर दवाखान्यापर्यंत चालवत आणण्याऐवजी रेतन करणाऱ्यानेच गोठ्यावर जायचे, ही त्या संस्थेची रीत होती. संकरित गाय छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्यात आली ती या व्यवस्थेमुळे. मणिभाईंना १९८२ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज जिल्हा परिषदेचे दवाखाने, दूध संघ, बाएफसारख्या संस्था आणि खासगी सेवादाते असे सर्वजण हीच दारोदारची सेवा देतात, आणि गावात त्या सर्वांना ‘डॉक्टर’च म्हणतात.

रेतनाची प्रत्यक्ष कृती पाच-दहा मिनिटांची असते, पण तिच्यातले प्रत्येक पाऊल पेशीच्या स्वभावावर ठरलेले आहे. गाय माजावर आली की हंबरते, चारा कमी खाते, दुसऱ्या जनावरावर उडते आणि काचेसारखा स्वच्छ, लोंबणारा सोट टाकते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा ठोकताळा अंडे सुटण्याच्या वेळेवरून आलेला आहे. रेतन करणारा टाकीतला डबा तोंडाच्या वर न आणता चिमट्याने एक कांडी उचलतो. पाव मिलीलिटरच्या या कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू भरलेले असतात. ३७ अंशांच्या पाण्यात ती ३० सेकंद ठेवायची, मग पुसून पूर्ण कोरडी करायची, कारण पाण्याचा एखादा थेंबही आत गेला तर शुक्राणू मरतात. टोक सरळ कापून कांडी रेतनाच्या नळीत बसवायची. डावा हात गुदद्वारातून घालून गर्भाशयाचे मुख पकडायचे, उजव्या हाताने नळी त्यातून पार करायची आणि मुखाच्या जरा पुढे वीर्य हळूच सोडायचे. हाताला हे मुख ओळखता येणे हेच या कामातले खरे शिक्षण आहे आणि ते पुस्तकातून मिळत नाही. दोन-तीन महिन्यांनी गाभण तपासणी केली की काम जमले की नाही ते कळते. जमले नसेल तर गाय २१ दिवसांच्या चक्राने पुन्हा माजावर येते, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत ‘उलटते’, आणि त्याचे तीन आठवड्यांचे वैरण-पेंडीचे पैसे वाया जातात.

म्हैस या बाबतीत गाईपेक्षा अवघड आहे. पंढरपुरी म्हैस ही सोलापूर, सांगली आणि कोल्हापूर भागाची खास जात. पाठीवर मागे वळलेली तिची लांबच लांब शिंगे दुरूनही ओळखू येतात, आणि कोल्हापुरात गवळी तिला गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन समोर धार काढून देत, ही तिची जुनी ख्याती. म्हशीचा माज बहुतेक वेळा मुका असतो : ती ओरडत नाही, सोटही फारसा दिसत नाही. सोलापूरच्या चाळिशीपार जाणाऱ्या उन्हाळ्यात तर माजाची खूणच हरवते, आणि पावसाळ्यानंतर गारवा आला की म्हशी एकदमच माजावर येऊ लागतात. गाय नऊ महिने नऊ दिवसांनी आणि म्हैस दहा महिने दहा दिवसांनी विते, हे गावात सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे एक माज हुकला तर वर्षाचे गणित कसे बिघडते, हेही तिथे कोणाला समजावावे लागत नाही. शिवाय म्हशीच्या अंडाशयात गाईच्या तुलनेत अंडपुटिका कमी असतात, म्हणून संप्रेरके देऊन एकाच वेळी पुष्कळ अंडी मिळवण्याची युक्ती तिच्यावर फारशी चालत नाही. म्हशीसाठी पुढच्या पायरीचे तंत्र लागते ते या कारणाने.

ती पुढची पायरी म्हणजे भ्रूण प्रत्यारोपण आणि प्रयोगशाळेतील फलन. पहिल्या प्रकारात उत्तम गाईला संप्रेरके देऊन अनेक अंडी सोडायला लावतात, रेतन करतात आणि सातव्या दिवशी गर्भाशय धुऊन भ्रूण गोळा करून साध्या गाईंच्या पोटात ठेवतात. दुसऱ्या प्रकारात सोनोग्राफीच्या मदतीने बारीक सुईने अंडाशयातून अंडी काढतात. ही अंडी बावीस ते चोवीस तास प्रयोगशाळेत पक्व करून मग त्यांचे फलन केले जाते. प्रयोगशाळेतील फलनातून म्हशीचे पहिले पारडू १९९० साली कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत जन्मले, त्याचे नाव ‘प्रथम’. त्याच संस्थेत २००९ साली क्लोन केलेली ‘गरिमा’ ही रेडी जन्मली. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यात जे. के. ट्रस्टने गीर, साहिवाल यांसारख्या देशी गाईंचे भ्रूण तयार करण्याचे काम केले आहे. या साऱ्यात एक गोष्ट विद्यार्थ्याच्या ध्यानी राहायला हवी. गाईचे आणि म्हशीचे अंडे चरबीने इतके भरलेले आणि काळपट असते की फलन झाले की नाही हे सूक्ष्मदर्शकाखालीही थेट दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पेशी विभागल्या की अंदाज येतो. मानवी अंडे पारदर्शक असते, तिथे सोळा-अठरा तासांतच दोन केंद्रके समोर दिसतात. याच चरबीमुळे म्हशीचे भ्रूण गोठवणेही जिकिरीचे ठरते.

शेळी-मेंढीतही हे शास्त्र महत्त्वाचे आहे, आणि त्याचे महाराष्ट्रातले सर्वांत चांगले उदाहरण माढ्यापासून फार दूर नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गरोल या लहान मेंढीतला जुळी कोकरे देणारा ‘फेक-बी’ हा जनुक दख्खनी मेंढीत आणला. पिढ्यानपिढ्या निवड करत आणि रक्ताच्या चाचणीने जनुक तपासत तयार झालेली ही जात ‘नारी सुवर्णा’ म्हणून ओळखली जाते. धनगर मेंढपाळाला दोन कोकरे हवीत, पण तीन नकोत, कारण तिसऱ्याला दूध पुरत नाही. जनुकाची एकच प्रत ठेवायची की दोन्ही, हा वैज्ञानिक निर्णय असा गवताच्या आणि दुधाच्या हिशेबाने घ्यावा लागतो. बार्शी-धाराशिव पट्ट्यातली उस्मानाबादी शेळी मुळातच जुळी देणारी आहे. तिच्या बाबतीत प्रश्न चांगल्या बोकडांचा आहे, कारण गावातला धष्टपुष्ट बोकड वंशासाठी राहण्याआधी बाजारात जातो.

गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त मागणी आहे ती लिंगविभाजित वीर्याला. मादी घडवणाऱ्या शुक्राणूत नर घडवणाऱ्या शुक्राणूपेक्षा सुमारे चार टक्के जास्त डीएनए असतो. लेसरखालून एकेक शुक्राणू नेऊन या फरकावर ते वेगळे करता येतात आणि त्या कांडीतून सुमारे ९० टक्के कालवडी जन्मतात. नांगरटीला ट्रॅक्टर आल्यावर संकरित गोऱ्ह्याला काम उरले नाही, आणि २०१५ पासून राज्यात वळू-बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे नर वासरू सांभाळणे शेतकऱ्याला जड जाते. सांगली जिल्ह्यातील भिलवडी येथे चितळे समूहाच्या सहभागातून असे वीर्य तयार होऊ लागले. राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाने विकसित केलेल्या स्वदेशी तंत्राचे उद्‌घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे झाले. त्याच दिवशी गाई-म्हशींच्या जनुकीय निवडीसाठीच्या चिपचेही लोकार्पण झाले. वासराच्या दुधाचा अंदाज त्याच्या जन्मानंतर लगेच बांधण्याचा काळ त्यामुळे जवळ आला आहे.

मानवी बाजूचा इतिहास याहून लहान आहे. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईस ब्राऊन जन्मली, शरीराबाहेरच्या फलनातून जन्मलेले जगातले पहिले मूल. शरीरशास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स, स्त्रीरोगतज्ज्ञ पॅट्रिक स्टेपटो आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या परिचारिका जीन पर्डी या तिघांचे ते काम होते. तीन महिन्यांच्या आतच, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ‘दुर्गा’ जन्मली. त्यांनी भ्रूण गोठवून मग वापरला होता, आणि तसे जगाने काही वर्षांनी केले. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात हर्षा या मुलीचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे ते संयुक्त यश होते. पुढे आनंद कुमार यांनीच मुखोपाध्याय यांच्या नोंदवह्या तपासल्या आणि देशातला पहिला मान त्यांचा असल्याचे १९९७ साली जाहीरपणे सांगितले. नोंदी टिकल्या म्हणून ते श्रेय परत मिळाले. प्रयोगशाळेत रोजची नोंद का ठेवायची, याचे यापेक्षा ठळक कारण शोधावे लागत नाही.

ज्ञान पशूंकडून माणसाकडे असे एकाच दिशेने गेले, असे मात्र झाले नाही. एडवर्ड्स आधी शेतीशास्त्राचे विद्यार्थी होते आणि मग एडिंबरोच्या पशुआनुवंशिकी संस्थेत उंदरांवर काम करून पुढे आले. सशांच्या अंड्यांचे शरीराबाहेर फलन करून पिल्ले मिळवण्याचे श्रेय १९५९ साली एम. सी. चांग यांना मिळाले. गोठवलेल्या भ्रूणापासून ऑस्ट्रेलियात १९८४ साली बाळ जन्माला आले, त्या चमूतले ॲलन ट्राउन्सन मुळात पशुप्रजननाचे अभ्यासक. उलट, योनिमार्गातून सोनोग्राफीच्या आधारे अंडी काढण्याची पद्धत आधी स्त्रियांवर रूढ झाली आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस गाईंवर आली. शुक्राणू सुईने थेट अंड्यात सोडण्याची ‘इक्सी’ ही पद्धत १९९२ साली ब्रसेल्समध्ये यशस्वी झाली. पुरुषांतल्या वंध्यत्वावर तिने मोठा मार्ग काढला, पण गाईत ती अजूनही तितकी सहज साधत नाही.

भ्रूणप्रयोगशाळेतला एक दिवस पाहिला तर या व्यवसायाचा स्वभाव कळतो. अंडी काढण्याची शस्त्रक्रिया सकाळी होते. सुईतून आलेला द्रव उबदार पट्टीवर बशीत ओतला जातो आणि भ्रूणतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली ढगासारख्या पेशीपुंजात लपलेले अंडे शोधतो. अंडे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग असते. खोलीत अत्तर लावून येता येत नाही, कारण हवेत उडणारी रसायने भ्रूणाला बाधतात. प्रत्येक बशीवर नाव आणि क्रमांक असतो, आणि ती एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना दुसरी व्यक्ती तो मोठ्याने वाचून पडताळते. दुसऱ्या दिवशी फलन पाहायचे, तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशी मोजायच्या, पाचव्या दिवशी पोकळ चेंडूसारखा ब्लास्टोसिस्ट दिसला तर गर्भाशयात ठेवायचा किंवा अतिशय वेगाने गोठवायचा. हे वेळापत्रक रविवार किंवा दिवाळी पाळत नाही. बाहेरच्या खोलीत बसलेल्या जोडप्यासाठी ही कदाचित शेवटची संधी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अंदाजानुसार दर सहांतील एका प्रौढाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. मूल होत नाही म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांत मुलाच्या वीर्याची तपासणी सर्वांत शेवटी होते, हेही या व्यवसायात रोज दिसते.

दोन वाटा जिथे निर्णायकपणे वेगळ्या होतात, ती जागा कायद्याची आहे. वळूच्या एका वेळच्या वीर्यापासून शेकडो मात्रा बनतात, आणि एकच वळू हजारो वासरांचा बाप होतो. मानवी बाजूला साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम, २०२१ हा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार एका दात्याचे वीर्य किंवा अंडी एकाच जोडप्याला देता येतात. अंडदाती २३ ते ३५ वयाची असावी लागते, ती आयुष्यात एकदाच अंडी देऊ शकते, आणि सातपेक्षा जास्त अंडी काढता येत नाहीत. उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या आणि पुरुषाच्या वयालाही वरची मर्यादा आहे, अनुक्रमे ५० आणि ५५ वर्षे. युग्मके (अंडी व शुक्राणू) आणि भ्रूण साधारणपणे दहा वर्षांपेक्षा जास्त साठवता येत नाहीत. वळूचे वीर्य मात्र कितीही वर्षे ठेवता येते. सर्वांत तीव्र फरक लिंगनिवडीचा. गाईला कालवडच व्हावी यासाठी सरकार अनुदान देते, आणि त्याच तत्त्वावर माणसाचे शुक्राणू वेगळे करणे हा गुन्हा आहे. गर्भलिंग निदानाविरुद्ध पहिला कायदा देशात महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ पासून तो गर्भधारणेपूर्वीच्या निवडीलाही लागू झाला. सूक्ष्मदर्शकाखालची पेशी हा भेद जाणत नाही, तो समाजाने ठरवलेला आहे. या क्षेत्रात काम करणाऱ्याला तो रोज पाळावा लागतो.

पशूंच्या बाजूला प्रमाणित कार्यपद्धती आणि ओळखक्रमांक यांवर भर आहे. वळूकेंद्रातल्या प्रत्येक वळूची क्षय, सांसर्गिक गर्भपात अशा रोगांसाठी नियमित तपासणी होते, कारण एका रोगी वळूचे वीर्य हजारो गोठ्यांत पोहोचू शकते. कांडीवर जात, वळूचा क्रमांक, केंद्र आणि तारीख छापलेली असते. जनावराच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला असतो आणि रेतनाची नोंद त्या क्रमांकावर व्हावी लागते. नोंद न करता भरवलेल्या गाईच्या कालवडीला पुढे तिच्याच बापाचे वीर्य दिले जाण्याचा धोका असतो. खिलार गाई किंवा पंढरपुरी म्हशीसारख्या मूळ जातींवर परक्या जातीचे वीर्य सरसकट वापरले तर काही पिढ्यांत जातच हरवते, ही त्याहून मोठी जोखीम आहे. रेतन करणाऱ्याने हातात आलेली कांडी कोणत्याही जनावराला देऊ नये, ते याच कारणासाठी.

शिक्षणाच्या वाटा या पार्श्वभूमीवर पाहाव्यात. पशूंच्या बाजूची मुख्य वाट पशुवैद्यकीय पदवीची आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र, त्यानंतर ‘नीट’ आणि आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. राज्यातील शासकीय महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. माढ्याच्या विद्यार्थ्याला सातारा जिल्ह्यातले शिरवळ आणि कुर्डुवाडीहून लातूरमार्गे गाठता येणारे उदगीर ही त्यांतली जवळची ठिकाणे. मुंबईचे महाविद्यालय तर १८८६ पासूनचे आहे. पदवीनंतर लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होता येते. पशुप्रजनन आणि प्रसूतिशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली तर वळूकेंद्रे, भ्रूण प्रयोगशाळा आणि अध्यापन खुले होते. संशोधनासाठी कर्नाल, इज्जतनगर आणि हिस्सारच्या केंद्रीय संस्था आहेत.

पदवी जमली नाही म्हणून वाट संपत नाही. पशुसंवर्धनातील पदविका घेतलेले विद्यार्थी दूध संघांत, सेवाभावी संस्थांत आणि शासनाच्या दवाखान्यांत नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली काम करतात. ‘मैत्री’ या केंद्र सरकारच्या योजनेत ग्रामीण तरुणांना तीन महिन्यांचे प्रशिक्षण मिळते, एक महिना वर्गात आणि दोन महिने प्रत्यक्ष गोठ्यांवर. त्यानंतर प्रशिक्षित तरुण गावात स्वतःची सेवा सुरू करतो, आणि त्याचे उत्पन्न रेतनाच्या संख्येवर अवलंबून असते. गाय गाभण राहिली तर शेतकरी पुन्हा फोन करतो, नाही तर शेजारच्या गावचा डॉक्टर बोलावतो. नायट्रोजनची टाकी वेळेवर न भरल्यास सर्व मात्रा एका रात्रीत निकामी होतात, म्हणून टाकीत पट्टी बुडवून पातळी मोजण्याची सवय या व्यवसायात पहिल्या दिवसापासून लावावी लागते.

मानवी बाजूला वैद्यकीय वाट लांब आहे : एमबीबीएस, मग स्त्रीरोगशास्त्रात एमडी, एमएस किंवा डीएनबी, आणि त्यावर प्रजनन वैद्यकातील दोन वर्षांची फेलोशिप किंवा एमसीएच. याशिवाय भ्रूणतज्ज्ञाची वाट जीवशास्त्राच्या पदवीधरांसाठी खुली आहे. प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र यांतील बीएस्सीनंतर क्लिनिकल एम्ब्रियोलॉजीत पूर्णवेळ पदव्युत्तर पदवी घ्यावी लागते, आणि मणिपालसारख्या विद्यापीठांत ती मिळते. २०२२च्या नियमांनुसार भ्रूणतज्ज्ञ म्हणून नेमणूक होण्यासाठी त्या पदवीवर मानवी प्रयोगशाळेतला तीन वर्षांचा अनुभव लागतो, किंवा याच विषयातली पीएच.डी. आणि एक वर्षाचा अनुभव. आठ-पंधरा दिवसांच्या ‘हँड्स-ऑन’ प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे भरपूर विकली जातात. त्यांनी हात बसायला मदत होते, कायद्याची पात्रता मिळत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २००५च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अनुभवी पशुवैद्यकीय पदवीधरांनाही मानवी भ्रूणप्रयोगशाळेत जागा होती. आता अटी काटेकोर झाल्या आहेत, त्यामुळे एका बाजूने दुसरीकडे जाऊ इच्छिणाऱ्याने पात्रता आधी तपासून घ्यावी. वीर्यतपासणीचे तंत्रज्ञ, परिचारिका आणि समुपदेशक यांचीही गरज असते. समुपदेशकासाठी मानसशास्त्र, परिचर्या किंवा जीवशास्त्राची पदवी चालते. नुसते आययूआय (गर्भाशयात वीर्य सोडणे) करणारे पहिल्या स्तराचे केंद्र आणि आयव्हीएफ (प्रयोगशाळेतील फलन) करणारे दुसऱ्या स्तराचे केंद्र यांची नोंदणी वेगळी असते, म्हणून नोकरी स्वीकारण्यापूर्वी केंद्राचा नोंदणी क्रमांक पाहणे हे विद्यार्थ्याच्याच हिताचे आहे.

तिसरी, लहान पण महत्त्वाची वाट वन्यजीवांची आहे, आणि तिचा माढ्याशी थेट संबंध आहे. १९७९ साली जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्यात उत्तर सोलापूर, मोहोळ, करमाळा यांच्याबरोबर माढा तालुक्याचाही भाग होता. नान्नजच्या माळरानावर त्या वेळी दिसणारा माळढोक पक्षी आता सोलापुरात जवळजवळ नाहीसा झाला आहे आणि देशात त्याचा मुख्य आधार राजस्थान आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जैसलमेर येथील प्रजनन केंद्रात कृत्रिम रेतनाने माळढोकाचे पहिले पिल्लू जन्माला आले. नराला माणसाच्या हाताची सवय लावून वीर्य मिळवायचे, ते वेळेत दुसऱ्या केंद्रावर नेऊन मादीला द्यायचे, हे काम पशुवैद्यक, जीवशास्त्रज्ञ आणि वनरक्षक यांनी मिळून केले. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात संकटग्रस्त प्राण्यांच्या पेशी आणि वीर्य साठवण्याचे काम बरीच वर्षे चालू आहे. माळरान उरले नाही तर पिल्लांना सोडायला जागा नाही, ही या वाटेची मर्यादाही तितकीच खरी.

या सर्व वाटांवर लागणारे गुण सारखेच आहेत : हाताचे स्थैर्य, स्वच्छतेचे भान, वेळेची शिस्त आणि नोंदीतला प्रामाणिकपणा. गोठ्यात वाढलेल्या विद्यार्थ्याला माज ओळखण्याची नजर, विणाऱ्या जनावराजवळ रात्र काढण्याची सवय आणि अपयशानंतर तीन आठवडे वाट पाहण्याची तयारी घरातूनच मिळालेली असते. इंग्रजी पाठ्यपुस्तकांशी त्याची ओळख उशिरा होते, ती उणीव भरून काढता येते. उत्तर कोणाला द्यायचे, हे मात्र त्याने निवड करतानाच ओळखून असावे. पशुप्रजननात ते शेतकऱ्याच्या हिशेबाला आणि जनावराच्या जातीला द्यायचे असते, मानवी प्रजननात एका जोडप्याला आणि ज्याने अजून जन्मच घेतलेला नाही अशा मुलाला. अभ्यासक्रम, पगार आणि संधी यांची तुलना त्यानंतर करायची. या क्रमाने विचार केला तर विद्यार्थ्याला स्वतःची बाजू निवडता येते आणि दुसऱ्या बाजूकडून काय शिकायचे तेही कळते.